ज्या जागा आपण भरून ठेवल्या होत्या : प्रीक्वेल बघून जीव खट्टू का होतो?

दुधनाकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:४०

परवा भाचा रात्रीचा शेवटचा खेळ बघून आला. ज्या पिक्चरवर त्याचा जीव आहे, त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा नवा भाग, म्हणजे प्रीक्वेल, लागला होता. तीन वर्षं वाट बघत होता पोरगा. गाडी लावली, माठातलं पाणी प्याला आणि न जेवता गच्चीवर जाऊन पडला. मी वर गेलो, विचारलं कसा होता. म्हणला, "चांगला होता मामा. पण आता पहिला बघू वाटंना."

मला रात्रभर झोप नाही. असंच काहीतरी मी १९९९ साली सिकंदराबाद स्टेशनवर ऐकलं होतं.

मी परभणीचा. आठवीत होतो तेव्हा मामेभाऊ हैदराबादहून उन्हाळ्याच्या सुट्टीला आला आणि सोबत दोन कॅसेटी घेऊन आला. १९७७ चा 'स्टार वॉर्स' आणि १९८० सालचा त्याचा दुसरा भाग. व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्यानं आणला. इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं, दादा कॅसेट थांबवून थांबवून सांगायचा. पण नायकाचं, ल्यूकचं घर दिसलं आणि तिथं मला काही सांगावं लागलं नाही. उन्हानं पांढरी पडलेली जमीन, नजर जाईल तिथवर झाड नाही, आणि त्याचा काका शेतात काय काढतो, तर पाणी. हवेतला ओलावा ओढून घेणारी यंत्रं रानात उभी. आमच्याकडं त्या उन्हाळ्यात नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं. मला वाटलं हा पोरगा जिंतूर रोडच्याच कुठल्यातरी वस्तीवरचा आहे.

त्या पहिल्या भागात एक वाक्य आहे. ल्यूक म्हाताऱ्या ओबी-वान केनोबीला विचारतो, तुम्ही क्लोन युद्धात लढला होता का? म्हातारा म्हणतो हो, तुझ्या बापासारखाच मीही जेडाय योद्धा होतो. संपलं. ते युद्ध कुणाचं, कशासाठी, कोण जिंकलं, काही नाही. गोष्ट पुढं निघून जाते.

आम्ही मात्र तिथंच थांबलो. रात्री गच्चीवर गाद्या टाकायच्या आणि दादानं ते युद्ध सांगायचं. त्याच्या गोष्टीत डार्थ व्हेडर (काळ्या मुखवट्यातला खलनायक, दुसऱ्या भागात तो ल्यूकचाच बाप निघतो) आणि केनोबी एकाच गावचे होते, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. सलग तीन वर्षं पाऊस पडला नाही तेव्हा व्हेडर गावासाठी पाणी मागायला सम्राटाकडं गेला. सम्राटानं पाणी दिलं आणि त्याला ठेवून घेतलं. तो मुखवटा, तो घरघरणारा श्वास, त्या प्रत्येकाची वेगळी कथा होती. दर उन्हाळ्याला भर पडायची. मीही चार गोष्टी घातल्या त्यात. पाच उन्हाळे चाललं हे.

मग १९९९ साली 'स्टार वॉर्स'च्या कर्त्यानं, जॉर्ज लुकासनं, आधीची गोष्ट काढली. १९८३ नंतर सोळा वर्षांनी पहिला नवा भाग. मी रात्रीच्या गाडीनं हैदराबाद गाठलं. पडद्यावर ती पिवळी अक्षरं वर सरकायला लागली तेव्हा दादानं माझा हात धरला होता. अक्षरांत वाद कशाचा निघाला, तर व्यापारी मार्गांवरच्या कराचा. व्हेडर म्हणजे नऊ वर्षांचं एक गोड, गुणी लेकरू. आणि जी 'फोर्स' सगळ्या सजीवांतून वाहते, सगळं विश्व बांधून ठेवते असं केनोबीनं सांगितलं होतं, ती आता रक्ताच्या थेंबातले सूक्ष्म जीव मोजून कळायला लागली. पोराची तपासणी होते आणि आकडा येतो, वीस हजारांच्या वर.

परतीच्या गाडीला बसवताना दादा फक्त एवढंच म्हणला, "रक्त तपासून कळतं म्हणे." त्यानंतर आम्ही ते युद्ध एकमेकांना कधीच सांगितलं नाही. विहीर गेली, दुष्काळ गेला, सगळंच गेलं.

लोक म्हणतात की शेवट ठाऊक असतो म्हणून प्रीक्वेल रंगत नाही. मला हे पटत नाही. रावण मरणार हे सहा वर्षांच्या लेकरालाही ठाऊक असतं, तरी रामलीलेला माणूस मावत नाही. पिक्चर वाईट होता म्हणून, हेही अर्धंच खरं. माझा भाचा "चांगला होता" म्हणला की.

मला वाटतं, वाट बघण्याच्या वर्षांत आपण नुसते बसून नसतो. गोष्टीत जिथं जागा रिकामी असते तिथं आपण राहायला जातो. एक दिवस मूळ मालक सातबारा घेऊन येतो आणि म्हणतो, इथं माझं बांधकाम आहे. कायद्यानं जागा त्याचीच. आपलं बिऱ्हाड मात्र रस्त्यावर येतं.

तुमचा अनुभव काय? असा कुठला प्रीक्वेल आहे का की ज्यानं तुमची जागा हिसकली नाही?

---

हिमरू | सोमवार, सकाळी ८:०५

दुधनाकाठ, तुमचं वाचून सकाळी सकाळी गलबलून आलं. माझी जखम 'हॉबिट'ची आहे, आणि ती थोडी वेगळी आहे.

'हॉबिट' हे पुस्तक मुळात प्रीक्वेल नाहीच. ते १९३७ साली आलं, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये. एका घरकोंबड्या माणसाचा प्रवास, लहान मुलांना अंथरुणात वाचून दाखवण्यासारखा. सिनेमात क्रम उलटा झाला. आधी २००१ ते २००३ चे तीन मोठे चित्रपट आले, तिसऱ्याला अकरा ऑस्कर मिळाले, आणि मग ह्या छोट्या पुस्तकाला मोठ्या भावाचे कपडे घालून उभं केलं गेलं. तीन जाडजूड खंडांना पडद्यावर सव्वानऊ तास, आणि ह्या एका पुस्तकाला तीन चित्रपट मिळून जवळजवळ आठ तास! पुस्तकात लेगोलास नाही, तो मोठ्या चित्रपटांतून आणला. टॉरिएल नावाची योद्धी तर मूळ लेखक टोल्कीनच्या अख्ख्या लिखाणात नाही. शेवटी लेगोलासचा बाप त्याला एका तरुण भटक्याला शोधायला पाठवतो, म्हणजे मोठ्या गोष्टीतल्या नायकाला, ॲरॅगॉर्नला. पुस्तकांच्या कालगणनेप्रमाणं ॲरॅगॉर्न तेव्हा दहा वर्षांचा आहे.

हे मी चुका काढायच्या म्हणून सांगत नाही. प्रत्येक ठिकाणी एकच धडपड दिसते की हे सगळं पुढच्या मोठ्या गोष्टीला नेऊन जोडायचं. त्या धडपडीत बिल्बो मागं पडला. चित्रपटाचं नाव ज्याच्यावरून, त्यालाच लढायांच्या गर्दीत शोधावं लागतं.

दिग्दर्शक पीटर जॅक्सनला सगळा दोष देऊ वाटत नाही. आधी गिलेर्मो देल तोरो दिग्दर्शन करणार होता, तो २०१० साली बाहेर पडला आणि काम जॅक्सनवर आलं. तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही हे त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितलंय.

आणि हा मोह खुद्द टोल्कीनलाही झाला होता. १९६० साली त्यानं 'हॉबिट' पुन्हा लिहायला घेतलं, मोठ्या ग्रंथाच्या गंभीर सुरात. काही प्रकरणं झाल्यावर सोडून दिलं. ज्यानं ती दुनिया उभी केली त्याच्याही हातून ते होईना.

---

बालाघाट | सोमवार, सकाळी ९:२०

हिमरूंशी सहमत. माझं एकच उदाहरण. १९७९ च्या 'एलियन'मध्ये एका पडक्या यानात खुर्चीला चिकटून गेलेला अवाढव्य सांगाडा दिसतो, छाती आतून फुटलेली. माणसं बघतात, घाबरतात, पुढं जातात. तो कोण हे कुणी सांगत नाही. नांदेडला हॉस्टेलवर तो प्रसंग बघितल्यावर आम्ही दिवा बंद करून झोपलो नव्हतो. २०१२ साली त्याच रिडली स्कॉटनं 'प्रोमिथियस'मध्ये सांगितलं की तो सांगाडा नव्हताच, तो पोशाख होता, आणि आत आपल्यासारखाच एक उंच, पांढराफटक माणूस होता. त्या दिवसापासून मला त्या खुर्चीची भीती वाटली नाही. मला ती भीती पाहिजे होती.

---

काळी_माती | सोमवार, दुपारी १:१५

मी इथं उलटी बाजू मांडतो, राग मानू नका.

माझा जन्म १९९६ चा, गाव सेलू. मी सगळ्यात आधी बघितला तो २००५ चा तिसरा प्रीक्वेल, मित्राच्या मोठ्या भावाच्या सीडीवर. ॲनाकिन, म्हणजे मुखवट्याआधीचा व्हेडर, लाव्हाच्या काठावर जळतो आणि ओबी-वान वरून ओरडतो, तू माझा भाऊ होतास! मी रडलो होतो. मला व्हेडर त्या जळण्यातून भेटला. तुमच्या कॅसेटीतला काळा मुखवटा मी नंतर बघितला, आणि प्रत्येक वेळी त्याच्या आत मला तोच पोरगा दिसला. म्हणजे ज्या पिक्चरनं तुमची जागा गेली, माझी जागा तिथूनच सुरू झाली.

माझ्या वयाचे असे खूप आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये तोच चित्रपट वीस वर्षं झाली म्हणून थेटरांत पुन्हा लावला, तर परदेशात लोकांनी तुडुंब गर्दी केली. ॲनाकिन केलेल्या ज्या हेडन क्रिस्टेनसनला तेव्हा लाकडी म्हणून हिणवलं, तो २०२२ साली मालिकेत परत आला तेव्हा त्याच्यावर केवढं प्रेम केलं लोकांनी.

त्या पहिल्या प्रीक्वेलमधली लाल-काळ्या चेहऱ्याच्या डार्थ मॉलची लढाई आठवा. मागं जो समूहस्वर आहे, जॉन विल्यम्सनं बांधलेला, त्याचे शब्द संस्कृत आहेत. एका जुन्या वेल्श कवितेतल्या ओळी संस्कृतात करून घेतल्या आणि नादासाठी वापरल्या. मला हे कळलं तेव्हा मी ते संगीत हेडफोन लावून वीस वेळा ऐकलं होतं. वाईट पिक्चरमधूनही असं काही हाती लागतं, ते मोजा की.

---

दुधनाकाठ | सोमवार, रात्री १०:३०

काळी_माती, राग कशाचा? तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. "तू माझा भाऊ होतास" हे वाक्य मलाही लागलं होतं, अगदी आमच्या विहिरीच्या गोष्टीजवळ जाणारं होतं ते. दादाला त्या रात्री फोन करायला पाहिजे होता. केला नाही.

पण एक सांगू द्या. जुन्या गोष्टीला जे वचन होतं ते नव्यानं जागोजागी मोडलं, आणि आम्हाला ते बारीकसारीक सगळं पाठ होतं. १९८० च्या भागात केनोबी म्हणतो की योडानं मला शिकवलं. प्रीक्वेलमध्ये त्याचा गुरू क्वाय-गॉन निघाला. १९८३ च्या भागात तो ल्यूकला सांगतो की मी भेटलो तेव्हा तुझा बाप आधीच थोर वैमानिक होता. निघालं काय, तर शर्यतीत गाडी पळवणारं नऊ वर्षांचं पोर. आणि सगळ्यात दुखलं ते ल्यूकच्या जुळ्या बहिणीचं, लेयाचं. ल्यूक तिला विचारतो, तुला तुझी आई आठवते? ती म्हणते, थोडीशी. सुंदर होती, मायाळू होती, पण दुःखी. मी फार लहान असताना गेली. इतका हळवा प्रसंग आहे तो. २००५ च्या चित्रपटात ती आई बाळंतपणातच जाते. मग लेयाला आठवत होतं ते काय? माझी स्वतःची आई मी पाच वर्षांचा असताना गेली. 'थोडीशी आठवते' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या एका वाक्यासाठी मी आजही भांडतो.

---

उदगीरकर | मंगळवार, सकाळी ७:५०

काका, आईचं वाचून थांबलो जरा वेळ.

आता माझा मुद्दा. आम्ही सीमेवरचे. कन्नड येते, तेलुगू कळते, बीदरला जाऊन पिक्चर बघणारी माणसं आम्ही. 'बाहुबली' घ्या. १० जुलै २०१५ ला पहिला भाग आला, शेवटी कटप्पा तलवार खुपसतो आणि पडदा काळा. २८ एप्रिल २०१७ पर्यंत आमच्या बसस्टँडवरच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. आणि दुसऱ्या भागाचा मोठा तुकडा काय आहे? आधीचीच गोष्ट. म्हणजे प्रीक्वेलच की! लोक नाराज झाले? हजार कोटींच्या पुढं गेलेला पहिला भारतीय पिक्चर तो.

मी ह्यावर लई विचार केलाय. राजामौलीनं प्रश्न ठेवला होता. उत्तर त्याच्या खिशात होतं, दोन्ही भाग एकाच गोष्टीचे म्हणून आधीच ठरलेले. ती उधारी होती, त्यानं फेडली. क्लोन युद्ध हा प्रश्न नव्हता काका. ती नुसती जागा होती. म्हाताऱ्याच्या बोलण्यात जशी जुनी गावं, जुनी माणसं येतात तशी आलेली. आमचे आजोबा रझाकाराच्या काळातलं एखादं नाव घ्यायचे आणि गप्प व्हायचे. त्या गप्प होण्यात आख्खा माणूस असायचा. तिथं कुणी माहितीपत्रक आणून दिलं तर आजोबा कळतील का?

'कांतारा'चंही सांगतो. २०२२ चा पहिला मी तीनदा बघितला. २ ऑक्टोबर २०२५ ला आधीची गोष्ट आली, थेट कदंब राजांच्या काळातली. पिक्चर भव्य आहे, गर्दीही झाली, मीही टाळ्या वाजवल्या. पण पहिल्यात ती दैवाची, म्हणजे गावाच्या राखणदार देवाची, किंकाळी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण ती जंगलातून, कुठून येते ते कळत नव्हतं. दुसऱ्यात मी वाट बघत होतो की आता येईल. काटा असा वाट बघून येत नाही.

---

दुधनाकाठ | मंगळवार, सकाळी ८:३०

उधारी आणि जागा. उदगीरकर, मला सव्वीस वर्षांत जे नीट मांडता आलं नाही ते तुम्ही मांडलं.

ह्याला जोडून एक. व्हेडर हा ल्यूकचा बाप, हे १९७७ साली पक्कं नव्हतंच. दुसऱ्या भागाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट ह्या लेखिकेनं १९७८ साली लिहिला, त्यात ल्यूकच्या बापाचा आत्मा वेगळा येऊन त्याला भेटतो. म्हणजे खिशात उत्तर नव्हतं. उत्तर वाटेत सापडलं, आणि सापडलं ते इतकं जबरदस्त की सगळी मागची गोष्ट त्याच्याभोवती पुन्हा शिवावी लागली. त्या शिवणीचे टाके प्रीक्वेलमध्ये दिसतात.

---

अंबेची_लेक | मंगळवार, दुपारी ३:००

सगळे इंग्रजी-तेलुगू बोलायलात, मराठीतलं कुणी आठवेना का? 'रात्रीस खेळ चाले'!

सिनेमा नाही, मालिका आहे, पण प्रीक्वेल म्हणजे काय हे आमच्या आईला तिच्यामुळं कळलं. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक गेलेले असतात. गोष्ट त्यांच्या मागं राहिलेल्या घराची. २०१९ ला दुसरं पर्व आलं ते मागच्या काळात गेलं, अण्णा जिवंत, शेवंता दारात. अंबाजोगाईत आमच्या गल्लीत साडेदहाला रस्त्यावर माणूस नसायचा. कोकणातली भाषा अर्धी कळायची नाही, तरी आई टीव्हीसमोरून हलायची नाही. दुसऱ्या पर्वानं पहिल्यापेक्षा जास्त जीव लावला.

मग इथं जागा का गेली नाही? मला वाटतं, पहिल्या पर्वात अण्णांची आम्ही कुणी मनात मूर्ती केली नव्हती. भीती होती, माणूस नव्हता. माधव अभ्यंकरांनी जो माणूस उभा केला तो इतका वाईट, इतका हावरा आणि तरी इतका जिवंत की तो पुढच्या गोष्टीचं कारण म्हणून आला नव्हता. तो स्वतःचं आयुष्य जगायला आला होता. उद्या आपण मरणार आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. 'हॉबिट'मधल्या पात्रांना मात्र पुढचे तीन पिक्चर माहीत असल्यासारखं वाटतं.

---

बालाघाट | मंगळवार, दुपारी ३:१०

शेवटच्या वाक्याला शंभर वेळा सहमत.

---

नरसीकर | मंगळवार, रात्री ९:४५

मी पासष्टीचा माणूस. तुमचे यानांचे सिनेमे मी नातवासोबत थोडे बघितले आहेत. पण विषय जुना आहे, म्हणून लिहितो.

महाभारतात श्रीकृष्ण प्रत्यक्ष कधी येतो? द्रौपदीच्या स्वयंवराला. मोठा झालेला, राजकारण जाणणारा. त्याचं बालपण मूळ महाभारतात सांगितलेलं नाही. सभापर्वात शिशुपाल त्याला शिव्या देतो तेव्हा पूतना मारली, गोवर्धन उचलला, त्यात काय मोठं, असं हिणवून बोलतो. अशा तुरळक उल्लेखांवरच भागतं. दुधनाकाठ, हे तुमच्या केनोबीच्या वाक्यासारखंच आहे. जाता जाता निघालेलं, आणि मागं अख्खं गोकुळ.

ते गोकुळ पुढं हरिवंशात आलं. हरिवंश हे महाभारताचं खिल, म्हणजे पुरवणी. मग भागवताच्या दशम स्कंधात ते बहरलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर हा प्रीक्वेल. आणि लोकांच्या मनात तो मूळ ग्रंथाच्याही पुढं गेला. आमच्या नरसीला, आणि मराठवाड्यात जिथं जिथं सप्ताह बसतो तिथं, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. त्यात कुरुक्षेत्र सांगत नाहीत. गोपाळांच्या शिदोऱ्या, गायी, दही, तो पेंद्या. पैठणच्या नाथमहाराजांनी एकादश स्कंधावर एवढी मोठी टीका लिहिली, आणि गौळणीही लिहिल्या.

हे का चाललं? अंबेच्या लेकीनं उत्तर दिलंच आहे, मी माझ्या पद्धतीनं सांगतो. गोकुळातलं पोर लोणी चोरतं ते पुढं गीता सांगायची आहे म्हणून नाही. लोणी गोड लागतं म्हणून चोरतं. हरिवंशानं आणि भागवतानं पार्थसारथी कसा घडला ह्याचा हिशोब दिला नाही. रसच वेगळा धरला. वीर आणि शांत तिकडं, वात्सल्य इकडं. ऐकणाऱ्याची जागा बळकावली नाही, त्याला आणखी एक अंगण दिलं. आणि तेही कुणा एकाच्या मालकीचं ठेवलं नाही. प्रत्येक गावाचा कीर्तनकार त्यात आपली गाय घालतो, आपली नदी घालतो. तुमच्या भावानं विहीर घातली, तशीच.

तुमच्या सिनेमाचं दुखणं मला असं वाटतं की तिथं एकाच माणसानं सांगितलेलं खरं, बाकी सगळं खोटं. गच्चीवरचं युद्ध खोटं ठरलं ते ह्यामुळं.

---

काळी_माती | मंगळवार, रात्री १०:२०

नरसीकर आजोबा, वाचनखूण साठवली. घरी बाबांनाही वाचून दाखवलं.

---

अंबेची_लेक | बुधवार, सकाळी ११:३०

एक कडू बोलते, पण बोलायला पाहिजे. आपण आपल्या जागेबद्दल बोलतोय, पण ती जागा गेली म्हणून लोकांनी काय केलं तेही ह्याच विषयात येतं.

१९९९ च्या चित्रपटात जार जार बिंक्स नावाचं पात्र आहे. ते अहमद बेस्ट ह्या नटानं केलं. लोकांनी सगळा राग त्याच्यावर काढला. २०१८ साली त्यानं स्वतः जाहीरपणे सांगितलं की त्या माऱ्यामुळं तो जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचला होता. पंचविशीतला पोरगा, मन लावून आपलं काम करत होता. व्हेडरचं बालपण केलेल्या जेक लॉइडनंही पुढं अभिनय सोडला. तो तर दहा वर्षांचं लेकरू होता.

प्रेम मोडलं की माणूस रडतो, गप्प बसतो, गच्चीवर जाऊन पडतो. तुमच्या भाच्यासारखं. तिथंवर मला कळतं. पुढचं कळत नाही.

---

दुधनाकाठ | बुधवार, रात्री ११:००

अंबेची लेक, बरोबर बोललात. जार जारबद्दल मी आणि दादा, आम्ही दोघंही त्या वेळी नको ते बोललो होतो. त्या मुखवट्यामागं माणूस आहे हे मनातही आलं नाही. २०२३ साली तोच अहमद बेस्ट 'स्टार वॉर्स'च्याच 'मँडलोरियन' मालिकेत जेडाय योद्धा होऊन आला आणि त्यानं लहानग्या ग्रोगूला मारेकऱ्यांच्या तावडीतून सोडवलं. तो भाग बघताना मी उभा राहिलो होतो.

नरसीकर काका, तुमच्या प्रतिसादानंतर मी 'गॉडफादर'चा १९७४ चा दुसरा भाग पुन्हा बघितला. त्यात तरुण व्हिटोची गोष्ट मुलाच्या गोष्टीसोबत आलटून पालटून चालते. बाप घर जोडत असतो आणि मुलगा तेच घर मोडत असतो. पहिल्या भागात ब्रँडोनं जो म्हातारा व्हिटो केला, त्याची नक्कल डी निरो करत नाही. आवाजाची एक छटा घेतो आणि बाकी आपलं जगतो. दोघांनाही त्याच एका पात्रासाठी ऑस्कर आहे. तिथंही बापाचं तरुणपण मुलाचा हिशोब द्यायला येत नाही, मुलाच्या शेजारी येऊन बसतं. तुम्ही म्हणता तो वेगळा रस बहुतेक हाच.

आता एक मदत पाहिजे. लेक नऊ वर्षांची झाली. भाच्यामुळं तिच्या कानावर हे सगळं यायलंय, आणि शनिवारी 'स्टार वॉर्स' बघायचं ठरवलंय तिनं. कुठून सुरू करू? भाचा म्हणतो गोष्टीच्या क्रमानं, १९९९ पासून.

---

हिमरू | गुरुवार, सकाळी ७:३०

१९७७ पासून. दुसरा विचार करू नका. गोष्टीच्या क्रमानं दाखवलंत तर बाप कोण हे तिला आधीच कळेल, आणि १९८० चा तो क्षण मेला. आणि १९७७ साली पडद्यावर 'भाग चौथा' असं लिहिलेलंच नव्हतं. ते १९८१ मध्ये पुन्हा प्रदर्शित केला तेव्हा जोडलं. तो पहिलाच आहे.

---

काळी_माती | गुरुवार, सकाळी ९:००

मी माझ्या क्रमानं बघितलं आणि माझं काही बिघडलं नाही. पण तिच्या जागी मी असतो तर १९७७ च. हिमरूंशी सहमत, ह्या एका बाबतीत.

---

उदगीरकर | गुरुवार, सकाळी ९:४०

१९७७. आणि मधे मधे थांबवून सांगू नका काका. तिला काही कळलं नाही तर नाही कळू द्या.

---

दुधनाकाठ | रविवार, सकाळी ९:१५

काल बघितला. भाचा, लेक आणि मी. गच्चीवर चादर बांधून, शेजाऱ्याचा प्रोजेक्टर आणून. अर्ध्यात लाईट गेली, पाऊण तासानं आली, कुणी उठलं नाही.

ते वाक्य आलं. क्लोन युद्ध. उदगीरकरांनी बजावलं होतं म्हणून मी थांबवलं नाही. लाईट गेली तेव्हा लेकीनं अंधारात विचारलं, "पप्पा, क्लोन म्हणजे काय?" मी म्हणलो, एकासारखा एक, हुबेहूब, हजारो. ती बराच वेळ गप्प. मग म्हणली, "मग त्यांच्यातला एक मेला तर बाकीच्यांना कसं कळायचं, कोण गेलं ते?"

भाचा उठून बसला. माझ्याकडं बघायला लागला. मी काही बोललो नाही. तिनंच पुढं सांगायला सुरुवात केली. प्रत्येक सैनिक म्हणे आपल्या आवडीची एकेक वस्तू खिशात ठेवायचा. कुणी गोटी, कुणी चिंचोका. त्यावरून ओळखायचे. लाईट आली तरी तिचं चाललंच होतं. भाच्यानं प्रोजेक्टर लगेच चालू केला नाही.

रात्री बारा वाजता दादाला फोन लावला, हैदराबादला. चिंचोक्याचं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणला, "पाच उन्हाळ्यांत आपल्याला हे सुचलं नाही रे." दुसरा भाग कधी दाखवणार विचारलं त्यानं. मी म्हणलो पुढच्या शनिवारी.

दादा शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं यायलाय.